नीरेचा चेअरमन

लिंबागणेशच्या पलीकडे, डोंगराच्या बेचक्यात ते गाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा शिवार करपून काळं पडलं होतं, विहिरींचे तळ उघडे पडले होते, जनावरांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या, आणि गाव मात्र लग्नघरासारखं पांढरंशुभ्र. शाळा पांढरी, चावडी पांढरी, मारुतीचं देऊळ पांढरं. रस्त्याकडेच्या लिंबांनासुद्धा कमरेपर्यंत चुना फासलेला. एखादा मंत्री नुकताच येऊन गेला असावा, अशी माझी समजूत झाली. पारावर बसलेल्या एकाला विचारलं तर तो गालातल्या गालात हसला.

"मंत्री कशाला येतोय हिकडं! आमच्या सोसायटीचा चुना हाय ह्यो."

ही सोसायटी म्हणजे नीरा उत्पादक सहकारी संस्था. तिचे चेअरमन त्याच दिवशी माझे घरमालक झाले. मी पाटबंधाऱ्यातला नवा ओव्हरसियर, दुष्काळी कामातून पाझर तलाव काढायचा म्हणून जागा पाहायला आलेलो. गावात रिकामी खोली त्यांच्याकडेच होती. भाडं घेणार नाही म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नीरेतलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिंदीच्या झाडाला शेंड्यापाशी छेद देऊन संध्याकाळी मडकं बांधतात. रात्रभर त्यात रस ठिबकतो, पहाटे ते उतरवतात. मडक्याला आतून चुना लावलेला असला तर रस गोड राहतो. त्याला नीरा म्हणतात आणि ती सरकारला चालते. चुना लावला नाही तर उजाडेपर्यंत रस आंबून फेसाळतो. त्याला शिंदी म्हणतात. ती सरकारला चालत नाही, बाकी सगळ्यांना चालते. संस्थेला दरसाल चुना मंजूर होऊन यायचा, आणि सरकारी माल मडक्यांत घालून नासवणं चेअरमनांच्या मनाला पटत नसे. म्हणून तो गावाला लावला जाई.

माणूस उंच, वाळका, पुढं झुकलेला. अंगात बारमाही एक काळा कोट, खाली धोतर. नाक एवढं मोठं की समोरून येताना आधी तेच यायचं. त्या नाकावर त्यांचा फार भरवसा. भाकरी, माणूस, बैल, अर्ज, काहीही समोर आलं की आधी हुंगायचं आणि मग मत द्यायचं. माझा खात्याचा हुकूमसुद्धा त्यांनी हुंगून परत दिला होता.

गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. त्यांची बायकोही 'चेअरमन' म्हणे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज, त्यामुळं पूर्वी ती 'ऐकलं का' म्हणायची. संस्था नोंदवली गेली आणि तिची सोय झाली. "चेअरमन, बैल सुटलाय." "चेअरमन, ताटावर या." तिच्या तोंडून तो शब्द असा यायचा की, माझ्या मते, पदाची इतकी नेमकी किंमत सहकार खात्यालाही कधी कळली नसेल. मी तिला काकू म्हणायचो.

चेअरमन पीत नसत. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. "पितो तो बेवडा, साहेब. आमी चाखतो." चाखण्याचे नियम कडक होते. दिवस उगवायच्या आत ओढ्याकाठच्या शिंदीच्या बनात जायचं. घोंगडीवर पूर्वेकडं तोंड करून मांडी घालायची. पळसाच्या पानांचा द्रोण स्वतःच्या हातानं लावलेला हवा. काचेचं त्यांना वावडं. "काचंचा गिल्लास दवाखान्यात आसतो. आजाऱ्यासाठी." पहिला द्रोण मुकाट्यानं घ्यायचा. दुसऱ्याला बोलायची परवानगी, पण पाऊस आणि पुढारी हे दोन विषय सोडून. देवळाच्या कळसावर ऊन आलं की मडकं उपडं. त्यानंतरची शिंदी त्यांच्या लेखी बाटलेली. ती मग बाकीचे सभासद दुपारपर्यंत बाटवत बसत.

हे सभासद म्हणजे संस्थेचे भागधारक. सहकाराबद्दल लोक काय वाटेल ते बोलतात, सभेला कोरम होत नाही म्हणतात. त्यांनी हे बन पाहायला हवं होतं. इथं सर्वसाधारण सभा रोज पहाटे भरायची आणि एकही सभासद गैरहजर नसायचा. ताप आलेला सभासद घोंगडी पांघरून येई.

प्रत्येक झाडाला चेअरमनांनी नाव दिलं होतं. एक थोरली, एक रुसकी, एक सासू. द्रोण ओठाला लावायचा, डोळे मिटायचे, नाक थोडं वर करायचं आणि निकाल द्यायचा. "आज थोरलीची हाय. काल वारं सुटलतं, म्हून जरा तुरट." सभासद माना डोलवायचे. आता खरं सांगतो. झाडं चढणारा मल्लय्या, तेलंगणाकडचा अबोल माणूस, सगळी मडकी उतरवून झाल्यावर झुडपाआड एकाच घागरीत ओतायचा आणि मग ती घागर पुढं आणायचा. हे मी पहिल्या आठवड्यातच पाहिलं. त्याला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "चेअरमन नाव घेतील ती झाडाची." तेवढंच बोलला आणि कमरेचा कोयता सारखा करत निघून गेला.

तरीही खोटं कशाला बोलू, मला शिंदी आवडली. मी वरणभाताच्या घरातला, तोपर्यंत सरबतापलीकडं गेलेलो नव्हतो. पहिल्या दिवशी चेअरमनांनी द्रोण हातात दिला तो गार होता, पान आतून ओलसर आणि हिरवट वासाचं. वर फेस. घोट घेतला तर आधी गोडसर, मग जिभेच्या कडांना आंबूस, आणि गिळताना नाकात किंचित गुदगुल्या. पोटात गेल्यावर काही झालं नाही. थोड्या वेळानं कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि समोरचा भकास डोंगर मला अतिशय देखणा वाटू लागला. दिवसभर धुळीत फिते ओढायचे, लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, भाकरी चावायची, गढूळ पाणी गाळून प्यायचं, त्या दिवसांत ती पहाटेची अर्धी घटका म्हणजे चैन होती. तिच्यासाठी मी चेअरमनांचे सगळे निकाल मान्य केले असते.

गूळ-नवसागराच्या हातभट्टीला ते 'रॉकेल' म्हणत. बाटलीतल्या विलायतीबद्दल त्यांचं मत मला एका पुढाऱ्यामुळं कळलं. हा पुढारी कुठंतरी साखर कारखाना काढायच्या खटपटीत होता आणि गावोगाव सभासद करत जीपमधून हिंडत होता. चेअरमनांच्या मागं मतं आहेत हे ऐकून त्यानं व्हिस्कीची एक बाटली आणली, कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी दिली. चेअरमनांनी तीही दोन्ही हातांनी घेतली. पुढारी गेल्यावर बूच काढून हुंगली, तोंड फिरवलं आणि गोठ्यात गेले. त्यांच्या एका बैलाचा खांदा जुवानं सुजला होता. चार दिवस ती व्हिस्की त्यांनी बैलाच्या खांद्याला चोळली. महिन्यानं पुढारी पुन्हा आला तेव्हा चेअरमन त्याचा हात हातात घेऊन कळवळून म्हणाले, "साहेब, तुमची दारू लई गुणाची बघा. बैल उभा ऱ्हायला." पुढारी चहाला थांबला नाही. कारखान्याचं काय झालं मला ठाऊक नाही. बैल पुढं कितीतरी दिवस खूष होता.

चेअरमन स्वातंत्र्यसैनिक होते. शाळेतलं झेंडावंदन त्यांच्याच हस्ते व्हायचं आणि त्या दिवशी कोटावर बिल्ला असायचा. भाषणात ते सांगत, "आमी निजामाच्या शिंद्या तोडल्या. जुलमी सत्तेच्या मुळावर घाव घातला." हे खोटं नव्हतं. निजामी राज्यात शिंदीचं उत्पन्न सरकारचं, ते बुडवावं म्हणून चळवळीतली पोरं शिंदीची झाडं तोडत. पण पुरी हकिकत मी काकूंकडून ऐकली, मिलो निवडता निवडता.

"पाच-सहा पोरं गेलती," त्या म्हणाल्या. "झाड पडलं. वरचं मडकं मातूर फुटलं न्हाई, अलगद झुडपात बसलं. पोलीस आले तशी बाकीची पोरं डोंगरात पळाली. हे मडक्याजवळ बसले."

"का?"

"आता कावून म्हंजे? भरल्यालं मडकं टाकून कसं जावं? पोलिसांनी धरलं तवा ह्यांच्या मिशीला फेस व्हता. जे पळाले त्यांना काई मिळालं न्हाई. हे बसले, म्हून बिल्ला."

जिल्ह्याहून एक साहेब दरसाल नीरा तपासायला यायचा. मी असताना आला तो नवखा होता. चेअरमनांनी त्याला आधी गावातून फिरवलं. साहेब पांढऱ्या भिंती बघून थक्क. मग बनात नेलं आणि सांगितलं, की जरा उशीर झाला, सकाळची नीरा म्हणजे एकदम मऊ, आता जरा तेज झाली असेल. साहेबानं एक द्रोण घेतला, विचारात पडला, खात्री करण्यासाठी दुसरा घेतला. चौथ्या द्रोणाला तो मल्लय्याच्या खांद्यावर हात टाकून आपल्या सासऱ्यानं केलेला अन्याय सांगत होता. जाताना त्यानं शेरा काय दिला मला माहीत नाही, पण पुढच्या वर्षी चुना वाढवून आला असं म्हणतात.

असा सगळा सुखाचा कारभार होता, आणि मी तिथं पाझर तलाव काढायला गेलो होतो.

जागा शोधायला मला फार डोकं लागलं नाही. ओढा दोन टेकड्यांमधून येतो, एका ठिकाणी टेकड्या अगदी जवळ येतात, तिथं बांध घातला की थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडतं. कोणीही डोळस माणूस तीच जागा दाखवेल. त्या अरुंद जागेच्या लगेच वर शिंदीचं बन होतं. बांध झाला की बन पाण्याखाली, आणि बांधाचा पाया खणायचा तर काठची झाडं आधीच तोडायला लागणार.

चेअरमनांनी मला बिनभाड्याची खोली का दिली हे मला नकाशा काढायला बसलो तेव्हा कळलं. ते माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि कागद हुंगून म्हणाले, "साहेब, ह्यो बांध जरा वर सरकवा की."

वर एक जागा होती खरी. तिथं बांध घातला असता तर चूळ भरण्यापुरतं पाणी साठलं असतं. मी तसं सांगितलं.

"चूळ तरी भरंल का न्हाई?" ते म्हणाले.

त्यांच्या जिवाची घालमेल मला दिसत होती. त्याच वेळी घरातली दुसरी गोष्टही दिसत होती. काकू पहाटे दोन घागरी घेऊन डोंगर उतरून टँकरच्या रांगेला जायच्या आणि उन्हं तापल्यावर यायच्या. मग डोक्याला फडकं गुंडाळून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. चेअरमनांना हे पटत नव्हतं. "चेअरमनच्या बायकूनं खडी फोडायची?" त्यांनी एकदा माझ्यासमोर विचारलं. "मंग चेअरमननं फोडावी," काकू म्हणाल्या आणि हातोडी उचलून चालू लागल्या. त्या कामावर खायला मिळणारी सुकडी, गोड पिठाचा भुगा, त्या पदरात बांधून आणायच्या आणि चेअरमन ती, न हुंगता, खायचे.

रस्त्याचं ते काम संपत आलं होतं. गावाजवळ दुसरं काम निघालं नाही तर बायकांना केजच्या बाजूच्या कामावर जावं लागणार होतं, घरदार सोडून, झोपड्या टाकून. म्हणजे तलाव मंजूर होतो की नाही यावर त्यांचं घरी निजणं अवलंबून होतं. गावातल्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्या मला वाटेत अडवून विचारायच्या, "दादा, आमचं तळं कवा लागतंय?" बनात बसणाऱ्या त्यांच्या नवऱ्यांनी मला हे एकदाही विचारलं नाही. दुष्काळात बायको पाणी आणत असली की पुरुषाला दुष्काळ जरा उशिरा कळतो.

चेअरमनांनी आधी अर्ज केला. 'एका स्वातंत्र्यसैनिकाच्या बनावर सरकारी कुऱ्हाड' असा त्याचा मथळा होता आणि खाली सगळ्या सभासदांचे अंगठे. अर्ज कोणी वाचला नाही. मग त्यांनी देवाला हाताशी धरलं.

एका सकाळी गावात बोभाटा झाला की चेअरमनांना दृष्टान्त झाला, बनात म्हसोबा प्रगटला. मी गेलो तर अर्धं गाव जमलेलं. सर्वांत जाड शिंदीच्या बुडाशी एक मोठा चपटा दगड, त्याला शेंदराचा भरगच्च लेप, पुढं लिंबू, हळद, उदबत्त्या. चेअरमन हात जोडून शेजारी बसलेले, चेहऱ्यावर अशी तंद्री की पहिल्या द्रोणानंतरही कधी दिसली नव्हती. "हलवाल तर गावाचं वाटुळं हुईल म्हणतो म्हसोबा," ते डोळे मिटूनच म्हणाले. सभासदांनी नारळ फोडले. एका म्हातारीच्या अंगात येऊ घातलं. मी घाबरलो. देव निघाला की इंजिनियर संपला, हे मी नोकरीला लागल्या लागल्याच शिकलो होतो.

तेवढ्यात काकू आल्या. त्या दर्शनाला आल्या नव्हत्या. दोन दिवस काही तरी हरवल्यासारख्या घराच्या मागच्या अंगाला शोधत होत्या, ते मी पाहिलं होतं. त्या म्हसोबासमोर उभ्या राहिल्या, खाली वाकल्या आणि अंगठ्यानं एका कोपऱ्यावरचा शेंदूर खरवडला.

"ह्यो तर माझा धुण्याचा दगड हाय," त्या म्हणाल्या.

"काई तरी बोलू नको," चेअरमन डोळे न उघडता म्हणाले. "देव हाय त्यो."

"आसंल देव. ह्यो टवका माझ्याच हातानं उडालाय, थोरल्या लेकीच्या बाळंतपणाच्या साली. आन् ही बाजू बगा, गुळगुळीत झाल्याली. कुणाच्या धोतरानं झाली? म्हसोबा धोतर नेसतो काय? चेअरमन, माझा दगड कावून आणला?"

खरी गंमत इथं होती. डोंगरात दगडांना काय तोटा? बनात, ओढ्यात, शिवारभर दगडच दगड. पण देवाला शोभेलसा घाटदार, चपटा, हाताला गुळगुळीत दगड या माणसाला घरामागंच सापडला. तो इतका गुळगुळीत कशानं झाला हा प्रश्न त्याला पडला नाही. आयुष्यभर त्यावर त्याचीच धोतरं आपटली गेली होती आणि त्यानं तो एकदाही नीट पाहिलेला नव्हता. सगळ्या गावात देव करायला नको असा एकच दगड होता, आणि चेअरमनांनी तोच निवडला.

काकूंनी शेजारणीला हाक मारली. दोघींनी मिळून म्हसोबा उचलला आणि शेंदरासकट घरी नेला. एका सभासदानं मागून भीत भीत विचारलं, "काकू, मंग नारळ?"

"नारळ लेकरांना वाटा," काकू मागं न बघता म्हणाल्या.

पुढं पंधरा दिवस चेअरमनांच्या धोतरावर शेंदराचे डाग असायचे. ते तसंच नेसून ते फिरत. ती त्यांना झालेली शिक्षा होती की त्यांचा निषेध, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लोक मला विचारतात, की मग त्या तलावाचं पुढं काय झालं. तलाव झाला. कधी भरतो, कधी भरत नाही. काही वर्षांनी मला एस. टी.त त्या गावचा एक माणूस भेटला, त्यानं सांगितलं की चेअरमनांनी लगेच मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था नोंदवली आणि तिचे चेअरमन झाले. त्या साली तलावात टिपूस नव्हता. जाळी मात्र मंजूर होऊन आली होती आणि गावातल्या प्रत्येक परसात ती कोंबड्यांसाठी लावलेली होती. मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

पण मला सांगायचंय ते चावडीवरच्या सभेचं आणि तिच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

तलाव मंजूर झाला होता, जागा तेवढी ठरायची होती. सभेत मी नकाशा भिंतीला टेकवून दोन्ही जागा दाखवल्या. खाली पुरुष बसलेले, बाहेर ओट्याजवळ बायका उभ्या. सरपंचानं विचारलं, बांध खालच्या जागी धरायचा का, हात वर करा. एकही हात वर होईना. सगळे सभासद चेअरमनांच्या तोंडाकडं बघत होते. चेअरमन कोटाच्या बटणाशी चाळा करत बसले होते. मग बाहेरून बांगड्या वाजल्या. बायकांनी हात वर केले होते, आणि त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांत पुढं काकू, हात सरळ वर, फोडलेल्या खडीनं बोटं सोलवटलेली. घरी जाऊन भाकरी कुणाच्या हातची खायची आहे, याचा हिशेब एकेका सभासदाच्या चेहऱ्यावर दिसू लागला. एक हात वर गेला, मग दोन, मग भराभर.

शेवटी चेअरमन उरले. सरपंच अदबीनं म्हणाला, "तुमचा विरोध समजायचा काय, चेअरमन?"

"विरोध कशाला?" ते म्हणाले. "मी काय गावाच्या भाईर हाय?" आणि त्यांनी हात अर्धवट वर केला, खांद्याइतका. मग म्हणाले, "उद्याचं तेवढं उतरू द्या. मंग कुऱ्हाड लावा."

दुसऱ्या दिवशी मी पहाटे बनात गेलो. मला राहवलं नाही. इतक्या दिवसांत या माणसाची मी मनात पुष्कळ टर उडवली होती, पण त्या पहाटे मला त्यांची फार कीव आली. चेअरमन आधीच येऊन घोंगडीवर बसले होते, पूर्वेकडं तोंड करून. सभासद जमले. मल्लय्या एकेका झाडावर चढून उतरला. दुष्काळानं झाडंही आटली होती. एरवी घागर भरून वाहायची. त्या दिवशी सगळी मडकी मिळून एक मडकंसुद्धा भरलं नाही.

मल्लय्यानं ते पुढं ठेवलं. तोवर मागं पाचोळा वाजला. कामाचा पहिला दिवस म्हणून बायका उजाडायच्या आत टोपली, टिकाव, खोरी घेऊन आल्या होत्या. आदल्या दिवशी टँकर आला नव्हता. रांगेत उभ्या राहून रिकाम्या घागरी परत आणलेल्या सगळ्या. त्या झाडांच्या कडेला उभ्या राहिल्या, हे उरकायची वाट बघत.

चेअरमनांनी द्रोण भरला. ओठापर्यंत नेला. तिथंच थांबले. मग मान वळवून बायकांकडं पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "घेती का?"

सभासदांच्या माना एकदम वर झाल्या. त्या बनात बाईला द्रोण देणं हे कोणाच्या ऐकिवात नव्हतं. काकूही क्षणभर घोटाळल्या. मग टोपलं खाली ठेवून पुढं आल्या, द्रोण घेतला आणि उभ्या उभ्या, एका दमात, रिकामा केला. चेअरमन त्यांच्या तोंडाकडं असे बघत होते, जणू परीक्षेचा निकाल लागायचा आहे. सबंध आयुष्य ज्याच्यात घातलं त्याबद्दल घरच्या माणसाचं मत ते पहिल्यांदाच विचारत होते.

काकूंनी पदरानं ओठ पुसले.

"हेच व्हय?" त्या म्हणाल्या. "हे तर आंबल्यालं ताक हाय की."

कोणी हसलं नाही. जुवाखालच्या बैलासारखी चेअरमनांची मान खाली गेली. मला वाटलं आता हा माणूस इथून उठणार नाही. पण काकू हलल्या नव्हत्या. त्यांनी रिकामा द्रोण तसाच पुढं धरला होता.

"घाला अजून," त्या म्हणाल्या. "नरडं सुकलंय."

चेअरमनांनी मडकं उचललं आणि ओतलं. काकूंनी द्रोण मागच्या बाईला दिला. तिच्यामागून दुसरी आली, मग सगळ्याच आल्या, ओंजळी करून. चेअरमन घोंगडीवरून उठले आणि वाकून एकेकीच्या ओंजळीत ओतू लागले. थेंब सांडू दिला नाही. सवय काही जात नव्हती. मधेच ते कळवळून म्हणाले, "आगं, घोट घोट घ्या गं. जिभंवर धरा. चव बगा चव."

"चवीचं ऱ्हाऊ द्या, चेअरमन," काकू म्हणाल्या. "वलं हाय, तेवढं लई झालं."

मडक्यात तळाला एक घोट उरला होता. तो त्यांनी काकूंच्या ओंजळीत घातला आणि मडकं उपडं ठेवलं.